डावा बाक, उजवा बाक

ताईंचा पाय मोडला, तो काही समुद्रावर नाही. जन्मभर हलत्या बोटीत तोल सांभाळून फोटो काढणारी ही बाई पडली ती स्वतःच्या खोलीत, स्टुलावरून. त्यातही भिंतीवरचा बिलंदरचा फोटो साळसूदच्या फोटोहून वीतभर उंच लावायच्या नादात. वहिनीने ही गोष्ट धक्क्यावर भेटेल त्याला सांगितली. ज्याने विचारलं नाही त्यालाही थांबवून सांगितली.

बिलंदर आणि साळसूद या दोन डॉल्फिन. ताई आणि वहिनी या नणंद-भावजय. ताईंचा धाकटा भाऊ तो वहिनीचा नवरा, आणि बोट त्याची. पण धक्क्यावर तिकीट फाडणाऱ्यापासून बंदर अधिकाऱ्यापर्यंत सगळेच त्या दोघींना ताई आणि वहिनी म्हणत. रोज सकाळी ही बोट प्रवाशांना डॉल्फिन दाखवायला निघायची. भाऊ सुकाणूपाशी मधोमध बसायचा, डावीकडून बहिणीचं आणि उजवीकडून बायकोचं ऐकायचा आणि समोर बघायचा. लग्नाआधी तो बराच बोलका होता असं म्हणतात.

बोटीत दोन लांब बाक होते. डावा ताईंचा, उजवा वहिनीचा. तसा काही नियम नव्हता. वहिनी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा बोटीत चढली तेव्हा डाव्या बाकावर ताईंची उशी ठेवलेली होती, म्हणून ती उजवीकडे बसली. उशी फाटली, नवी आली, तीही फाटली, पण बाक काही बदलले नाहीत.

आता या डॉल्फिनचं एक सांगायला हवं. बाटलीसारख्या तोंडाचे हे किनाऱ्याजवळचे डॉल्फिन वाटसरू नसतात, घर करून राहतात. एका बाजूला वाळूचा दांडा, दुसऱ्या बाजूला खोल पाणी, मध्ये चिंचोळी वाट, एवढाच त्यांचा मुलूख. पाण्याबाहेर येतो तो त्यांच्या पाठीवरचा पर, आणि भांडणांत, जाळ्यांत, बोटींच्या पंख्यांत सापडून त्या पराच्या कडेला खाचा पडतात. प्रत्येकाच्या खाचा वेगळ्या. फोटो जुळवून पाहिले की कोण कोण ते कळतं. हे फोटो मोजणी केंद्राला द्यायचं काम या नणंद-भावजयीकडे होतं. ज्याने पहिल्यांदा ओळखला त्याने नाव द्यायचं, आणि चुकून एकाच जनावराला दोन नावं पडलीच, तर जुनं राहणार, हा केंद्राचा कायदा होता. पगार नव्हता, मान होता, आणि मानावरूनच तर माणसं भांडतात.

बिलंदर ताईंची. तिच्या पराची कड अगदी गुळगुळीत होती, एकही खाच नाही, पण परावर तीन समांतर ओरखडे होते, कोणीतरी काट्याने ओढल्यासारखे. डावीकडच्या खोल पाण्यात कोळ्यांच्या जाळ्यातून मासे पळवायचे आणि बघणाऱ्याच्या तोंडावर शेपटीने पाणी मारायचं, हा तिचा धंदा. साळसूद वहिनीची. तिच्याही पराची कड गुळगुळीत, आणि परावर नखाएवढी पांढरी कोर. ती उजवीकडे, वाळूच्या दांड्यालगतच्या उथळ पाण्यात दिसायची, शांतपणे, दुसऱ्यांच्या पिल्लांना सांभाळत. एखादी आई मासे पकडायला गेली की तिचं पिल्लू साळसूदच्या पोटापाशी.

"तुझी साळसूद नावाचीच," ताई म्हणायच्या. "नुसतं दाखवायला."

"आणि तुमची बिलंदर अगदी तुमच्या वळणावर गेलीय," वहिनी म्हणायची. हे ती मनात म्हणायची, पण तोंडावर दिसायचं.

या दोन डॉल्फिन कधीच एकत्र दिसल्या नाहीत. ताईंच्या मते साळसूद बिलंदरला घाबरत होती. वहिनीच्या मते साळसूद असल्या संगतीत बसणारी नव्हती. मोजणी केंद्रातला माणूस, ज्याला सगळे मोजणीवाला म्हणत, दरवर्षी हात जोडून सांगायचा, "प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या हो. बोटीबरोबर पोहणाऱ्या जनावराची एका बाकावरून एकच बाजू दिसते. खाचा दोन्हीकडून कळतात, ओरखडे कळत नाहीत." दोघी मान डोलवायच्या आणि आपापल्या बाकावर जाऊन बसायच्या. दुसरीच्या बाकावर जायचं म्हणजे दुसरीला विचारायला हवं होतं.

तर ताईंचा पाय मोडला. बर्फाच्या कारखान्यावरच्या त्यांच्या खोलीत खाली यंत्राची घरघर, भिंतभर पर, आणि मध्ये पलंगावर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ताई. वहिनी दुपारी डबा घेऊन गेली की पहिला प्रश्न ठरलेला.

"दिसली?"

"नाही हो, ताई."

खोटं कशाला सांगा, पहिल्या आठवड्यात हे 'नाही हो' म्हणताना वहिनीला गंमत वाटत होती. साळसूद मात्र रोज दिसत होती. त्यातच साळसूदला पिल्लू झालं. इवलंसं, अंगावर अजून घड्या असलेलं, दर दोन क्षणांनी श्वासाला वर येणारं पिल्लू. वहिनीने त्याचे एवढे फोटो काढले की प्रवासी वैतागले. ताईंनी ते फोटो पाहिले, "छान आहे," म्हणाल्या, आणि परत दिले.

ताईंनी वहिनीच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. वहिनीला जरा चमत्कारिक वाटलं.

महिना गेला, दुसरा लागला. बिलंदर नाही. बातमी बंदरभर झाली, कारण बिलंदरने तोंडावर पाणी मारलं नाही असं माणूस बंदरात शोधून सापडलं नसतं. ज्यांच्या जाळ्यातून तिने जन्मभर मासे चोरले ते कोळीही हळहळले. आणि सगळ्यांची बोटं वळली ती सुसाटकडे.

सुसाट म्हणजे तीन वेगवान बोटींचा मालक. त्याच्या बोटी त्या चिंचोळ्या वाटेतून अशा जायच्या की मागच्या होड्या नुसत्या डुलत राहायच्या. डॉल्फिनची संख्या पन्नासच्या खाली गेली तर त्या वाटेत बोटी सावकाश चालवायच्या, असा बंदराचा जुना नियम होता. गेली काही वर्षं आकडा बरोबर पन्नासावर अडून बसला होता आणि सुसाट त्या पन्नासाव्या डॉल्फिनवर जिवापाड प्रेम करायचा. आता बिलंदर गेली म्हटल्यावर झाले एकोणपन्नास. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत मोजणीत धरत नाहीत, कारण त्यातली कितीतरी जगतच नाहीत. बंदर अधिकाऱ्याने 'बोटी सावकाश' अशी पाटी रंगवायला टाकली. सही तेवढी पुढच्या बैठकीत व्हायची होती.

वहिनीच्या जिवाला बरं वाटलं. पिल्लाला खोल बुडी मारता येत नाही, भरधाव बोट आली तर ते जाणार कुठे? बिलंदर जाता जाता एक चांगलं काम करून गेली, असं ती ताईंना म्हणालीसुद्धा. ताईंनी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दिवशी वहिनी चहात साखर घालायला विसरली. ताईंनी तो चहा निमूटपणे पिऊन टाकला. घरी आल्यावर उरलेल्या चहाचा घोट घेतला तेव्हा वहिनीला चूक कळली. ज्या बाईने पंचवीस वर्षं तिच्या चहाला कधी पांचट, कधी काढा म्हटलं, तिला आज चव कळली नव्हती. सरळ सांगायचं तर वहिनीला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी बोट सुटताना ती कॅमेरा घेऊन डाव्या बाकावर गेली आणि ताईंच्या उशीवर बसली. नवऱ्याने सुकाणूवरून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

बिलंदर नाही तर निदान काहीतरी माग लागेल, असं तिच्या मनात होतं. खोल पाण्याशी आल्यावर ती कठड्यावर वाकली, आणि कोणीतरी बादलीभर पाणी तिच्या तोंडावर मारलं. केस, कॅमेरा, पदर, सगळं चिंब. प्रवासी हसले. डोळे पुसून बघते तो समोर गुळगुळीत कडेचा पर, आणि त्यावर तीन ओरखडे.

"मेले, जिवंत आहेस," वहिनी म्हणाली आणि फोटो काढत सुटली. आनंद तर झालाच, पण जरा रागही आला, कारण इतके दिवस ही बया होती कुठे? तेवढ्यात बिलंदरच्या पोटाखालून एक छोटासा पर वर आला. इवलंसं, घड्या पडलेलं पिल्लू. या पिल्लाला वहिनी चांगली ओळखत होती.

"दुसऱ्याचं पिल्लू पळवलंस?" ती ओरडली.

मायलेकरं बोटीखाली शिरली. वहिनी प्रवाशांच्या पायांवरून, पिशव्यांवरून उजव्या बाकाकडे धावली. तिकडे पाणी फुटलं, आधी पिल्लू आलं, मग मोठा पर. कड गुळगुळीत. परावर नखाएवढी पांढरी कोर.

वहिनी तशीच उभी राहिली. पुन्हा डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे आली. बोट कलायला लागली तेव्हा नवरा बोलला.

"बस खाली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोणाच्या बाजूने बोलू?" तो म्हणाला.

त्या दुपारी ती डबा देऊन आली, पण बोलली नाही. घरी भांडी घासताना तिने मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. पिल्लू फार लहान होतं तोवर बिलंदर उथळ पाण्यातच राहिली, म्हणून कोळ्यांनाही दिसली नाही. गप्प बसलं तर बिलंदर मेलेलीच राहते, अधिकारी सही करतो, पिल्लू वाचतं. साळसूद तिची राहते. डावा बाक मोकळा होतो आणि चहाला नावं ठेवणारं कोणी उरत नाही. बोललं तर बिलंदर जिवंत होते, पाटी रंगाऱ्याकडेच राहते, आणि जुनं नाव ताईंचं असल्यामुळे साळसूद पुसली जाते. सासरच्या घरात, सासरच्या बोटीत, सगळं आधीपासून कोणाचं ना कोणाचं होतं. साळसूद तेवढी तिने स्वतः ओळखलेली, स्वतः नाव दिलेली. कुठल्याही बाजूने बघा, गप्प बसण्यातच शहाणपण होतं.

मग तिला तो बिनसाखरेचा चहा आठवला. तिने ताट तसंच टाकलं, हात पुसले आणि कॅमेरा उचलला.

"ताई, उठून बसा. तुमची बिलंदर जिवंत आहे."

ताईंनी फोटो पाहिले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं, आणि त्या बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वहिनीने त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. नाक पुसून ताईंनी पुढचा फोटो पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. पिल्लू पाहिलं. पांढरी कोर पाहिली. 

"एकच?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एकच."

"आणि हे तू मला सांगायला आलीस. जुनं नाव राहतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." वहिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. "मला नावाचं काही नाही. पण आता पाटी लागणार नाही. पिल्लाचं काय करायचं ते तुम्ही सांगा, मला सुचत नाही."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जुना, नको वाटणारा शहाणपणा परत आला.

"अगं, तुला हिशेब कधी जमलाच नाही. बिलंदर आली, साळसूद गेली. उरल्या किती?"

वहिनीने बोटं मोजली नाहीत, पण मोजावीशी वाटली.

"आणि हो," ताई म्हणाल्या, "कालचा चहा चहा होता का पायावर शेकायचं पाणी?"

बैठकीच्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातल्या दोन माणसांनी ताईंना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं आणि बंदर कार्यालयात नेऊन ठेवलं. लाकडी टेबल, फिरता पंखा, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, आणि कोपऱ्यात नवीकोरी पाटी, जिचा रंग अजून हाताला लागत होता. अधिकाऱ्याने सहीसाठी पेन उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "जरा थांबा. बिलंदर मेलेली नाही."

सुसाट ताडकन उठला. "बघा साहेब, मी कधीपासून सांगतोय. मासा जिवंत आहे आणि माझ्या बोटींची बदनामी झाली. आकडे परत मोजा, माझी मागणी आहे."

"मासा नाही तो," ताई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच आईच्या दुधावर वाढलीय. पुढचे गुण ज्याचे त्याचे."

अधिकाऱ्याने पेन बंद केलं. "म्हणजे कोणी मेलं नाही. मग झाले पन्नास."

"एकोणपन्नास," वहिनी म्हणाली. "बिलंदर आहे, साळसूद नाही."

"ती कधी मेली?"

"मेली नाही. ती नव्हतीच."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. मोजणीवाल्याने फोटो टेबलावर मांडले, हे पिल्लू, ही आई डावीकडून, हीच आई उजवीकडून, आणि त्याच्या आवाजात इतक्या वर्षांचं हात जोडणं होतं. "दोन्ही बाजूंचे फोटो द्या, म्हणून मी," एवढंच तो म्हणाला आणि दोघींकडे पाहून पुढचं गिळलं.

अधिकाऱ्याला हळूहळू उजेड पडला. "म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा एकोणपन्नासच होते?"

"त्याच्या आदल्या वर्षीही," मोजणीवाला म्हणाला.

"म्हणजे ही पाटी दोन-तीन वर्षांपूर्वीच लागायला हवी होती." अधिकाऱ्याने मान वळवून सुसाटकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, परत मोजा?"

सुसाट बसला. खुर्ची आवाज न करता कशी ओढावी हे त्याला त्या दिवशी जमलं. आपल्या लाडक्या पन्नासाव्या डॉल्फिनला आपणच उठून मारलं, हे त्याला घरी जाईपर्यंत पुरलं.

सही झाली. मग मोजणीवाल्याने यादी काढली आणि पट्टी लावून एका नावावर सरळ रेघ मारली. वहिनी बघत होती. सगळं मनासारखं झालं होतं, पिल्लू वाचलं होतं, सुसाटची जिरली होती, आणि तरी ती त्या रेघेखालचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. नसलेल्याचं दुःख कोणाला सांगायचं? सगळे बाहेर पडून बिलंदरच्या नावाने हसत होते. ताई मात्र खुर्चीत बसून वहिनीकडे बघत होत्या.

प्लास्टर निघालं, पाय काही पुरता वाकेना. तरी ताई बोटीवर आल्या. भावाचा हात धरून चढल्या आणि सरळ उजव्या बाकावर जाऊन बसल्या.

"ताई, तो माझा," वहिनी म्हणाली.

"मला पाय याच बाजूला पसरता येतो. तू बस तिकडे. उशी वापर, पण बसून बसून चपटी करू नकोस."

पाय कुठल्याही बाजूला सारखाच पसरत होता, हे तिघांनाही दिसत होतं. वहिनी डावीकडे जाऊन बसली.

वाटेच्या तोंडाशी नवी पाटी उन्हात चमकत होती. सुसाटची एक बोट पुढे चालली होती, लग्नाच्या वरातीसारखी. पिल्लू बरंच मोठं झालं होतं, आणि त्याला नाव काय द्यायचं यावरून धक्क्यापासून भांडण चालू होतं ते अर्ध्यावर राहिलं, कारण डावीकडे पाणी फुटलं आणि वहिनी डोक्यापासून पायापर्यंत भिजली.

"बिलंदर," ती ओरडली, "लाज नाही तुला," आणि स्वतःशीच हसायला लागली. हे नाव आपल्या तोंडून पहिल्यांदाच असं लाडाने निघालं, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

मायलेकरं बोटीखालून पलीकडे गेली. दांड्यालगतच्या उथळ पाण्यात आणखी एक लहान पिल्लू एकटंच घुटमळत होतं, त्याची आई कुठे लांब मासे पकडत असावी. तो गुळगुळीत पर त्याच्याजवळ गेला, थांबला, आणि दोन्ही पिल्लांना दोन्ही अंगांशी घेऊन संथ चालू लागला. ताई वाकून बघत राहिल्या. कॅमेरा त्यांच्या मांडीवर तसाच होता.

"इकडे ही अशी वागते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"इतकी वर्षं सांगतेय. तुम्ही म्हणायचात, नुसतं दाखवायला."

 बोट पुढे सरकली, दांडा जवळ आला, पांढरी कोर पुन्हा पाण्याबाहेर आली. ताईंनी मागे न बघता हात हलवून वहिनीला बोलावलं.

"ये लवकर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "साळसूद आली बघ."

वहिनी निथळत उठली आणि उजव्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ताईंनी पाय जरा आवरून जागा केली.